मेहुण्याने काढलेली बाग

कात्रीकाका माळी झाले ते नाइलाजाने. मूळचा त्यांचा धंदा सलूनचा. मोठ्या बंगल्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. त्यातली एक खुर्ची कायम मोडलेली, म्हणजे दुकान खरं तर एकाच खुर्चीचं. बंगल्याचं संग्रहालय झालं, बघायला लोक येऊ लागले, त्यांच्या गाड्या लावायला जागा हवी झाली आणि समोरची दुकानांची ओळ त्यात गेली. ज्यांची दुकानं गेली त्यांना संग्रहालयातच काही ना काही काम द्यायचं ठरलं. चहावाल्याला आतलं उपाहारगृह मिळालं, चपला शिवणारा दारावर पहाऱ्याला बसला आणि मी, म्हणजे कुलपं-किल्ल्यावाला, तिकिटाच्या खिडकीत आलो. कात्रीकाकांचं काय करायचं ते मात्र कुणाला सुचेना. शेवटी संग्रहालयाच्या मॅडम म्हणाल्या की यांना कात्री धरता येते, बागेत झुडपं माजली आहेत, मग अडलंय कुठे?

काकांचं अडत होतं. त्यांनी जन्मभर बसलेल्या माणसांचे केस कापले होते. झुडूप उभं असतं, आणि ते बोलत नाही. पण काकूंनी घरी स्पष्ट सांगितलं की पदरी पडलं ते पवित्र म्हणा आणि डबा घेऊन निघा.

पहिल्या दिवशी त्यांनी काय करावं? घरून एक जुनी चादर आणली, पहिल्या झुडपाच्या बुडाशी गुंडाळून मागे गाठ मारली, दोन पावलं मागे सरून डोळे बारीक केले आणि सवयीने विचारलं, "मागे जरा जास्त घेऊ का?" झुडपाने नाही म्हटलं नाही. मग ते कापत गेले आणि सोबत गावभरच्या गोष्टी सांगत गेले: कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या जावयाने सासऱ्याचं घर बळकावलं. झुडूप झालं की चादर झटकायची, आरसा धरल्यासारखा हात मागे धरायचा आणि पुढच्या झुडपाकडे वळायचं. कापलेलं झुडूप मात्र असं सुबक दिसे की लग्नाला निघालंय असं वाटावं.

जेवणाच्या सुट्टीत ते बंगल्याच्या आत हिंडत. आत पाहण्यासारखं पुष्कळ होतं. देशोदेशींची चित्रं होती, चिनी मातीच्या थाळ्या होत्या, बंद पडलेली घड्याळं आणि संगमरवरी मुंडकी होती. काकांनी तो सगळा संग्रह केसांच्या अंगाने पाहिला. कुठल्याशा सेनापतीच्या पुतळ्यासमोर थांबून ते म्हणाले की कानाजवळ घाई केलेली दिसते. एका श्रीमंत बाईच्या चित्राबद्दल त्यांचं मत होतं की भांग बाजूने काढला असता तर बाई इतकी चिडकी दिसली नसती. मॅडमनी हे ऐकलं आणि त्या निमूटपणे दुसऱ्या दालनात गेल्या.

आता दिवाणखान्यातल्या एका वेगळ्याच चित्राचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

बंगल्याचे मूळ मालक मोठे हौशी होते. त्यांच्या बायकोला एकच धाकटा भाऊ. तो बहिणीकडेच राहायचा, उशिरा उठायचा आणि काहीही करायचा नाही. एका उन्हाळ्यात त्याने मनावर घेतलं आणि दिवाणखान्याच्या खिडकीत बसून समोरच्या बागेचं चित्र काढलं. आयुष्यात त्याने पूर्ण केलेली ती एकमेव गोष्ट. बहिणीला भरून आलं. चित्र त्याच खिडकीशेजारी सोन्याच्या चौकटीत लागलं. मेहुण्यापुढे कुणाचं काय चालतं? पुढे मालकांनी बंगला विश्वस्तांच्या हवाली केला तेव्हा अट घातली की बाग कायम या चित्रासारखी दिसली पाहिजे. चित्रात आणि बागेत फरक चालणार नाही.

पंचाईत एवढीच होती की मेहुण्याला चित्र काढता येत नव्हतं. त्याने तीन झुडपं काढली होती ती लोकरीच्या गुंड्यांसारखी गोल. मागचं झाड कुणाच्या तरी कानात सांगायला वाकल्यासारखं वाकलेलं. झाडाची सावली सूर्याच्या दिशेने पडलेली. आणि कोपऱ्यात करड्या रंगाचं एक जनावर उभं होतं. काहींच्या मते ते कुत्रं होतं, पण विश्वस्तांच्या अध्यक्षांनी ती शेळी असल्याचा निर्वाळा दिला होता. अध्यक्ष हे त्या मेहुण्याचे सख्खे नातू, तेव्हा तो प्रश्न मिटला होता. दरवर्षी ते खिडकीत उभे राहत, एक डोळा मिटून चित्र बघत, दुसरा मिटून बाग बघत आणि काय जुळत नाही ते सांगत.

आधीचा माळी सावलीपायी नोकरी सोडून गेला होता. सावली उलटी कशी पाडायची, असं विचारून तो जो गेला तो आपलं खुरपं न्यायलाही परत आला नाही. काकांनी फारसा विचार केला नाही. त्यांनी सूर्याच्या बाजूला जांभळ्या पानांची बुटकी रोपं सावलीच्या आकारात दाट लावली आणि मशीन मारल्यासारखी बारीक कापून ठेवली. खिडकीतून हुबेहूब सावली दिसे. अध्यक्ष खूश झाले. फक्त झाडाची खरी सावली दुसऱ्या बाजूला पडतच राहिली. तिचं काय करायचं यावर एक बैठक झाली आणि तिच्याकडे दुर्लक्ष करावं असं ठरलं.

मग शेळी. आजवर बागेत प्लास्टरची शेळी होती, पण पावसापाण्याने तिचं तोंड झिजून तीही कुत्र्यासारखी दिसू लागली होती. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की आता जिवंतच आणा, म्हणजे वाद नको. काकांच्या मेहुण्याकडे शेळ्या होत्या. त्यातली एक करडी त्याने दिली, तीही उपकार केल्यासारखं तोंड करून. अशा रीतीने एका मेहुण्याच्या चित्रासाठी दुसऱ्या मेहुण्याची शेळी बागेत आली.

शेळी स्वभावाने शांत होती. नेमल्या कोपऱ्यात उभी राहायची, पाहुण्यांकडे तुच्छतेने बघायची. पण शेळी ती शेळीच. ज्या दिवशी अध्यक्ष वार्षिक पाहणीला आले आणि मॅडमबरोबर आत चहा घेत बसले, तेवढ्या अवधीत तिने डावीकडचं झुडूप बुडापर्यंत खाल्लं.

अध्यक्ष खिडकीत आले. चित्रात झुडपं तीन, बागेत दोन. मी तिकिटांचा हिशेब द्यायला आत गेलो होतो, तो भिंतीला लागून उभा राहिलो. काकांना आत बोलावलं. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की केस असते तर महिन्याभरात आले असते, झुडपाला दोन-तीन वर्षं लागतील. मॅडम म्हणाल्या की तोवर अट मोडलेली राहणार आणि अट मोडली तर बंगला राहणार की जाणार ते वकिलांना विचारावं लागेल.

शेजारच्या दालनात एक बाई स्टुलावर बसून जुन्या चित्राच्या गालावरची भेग बुजवत होती. संग्रहालयातल्या चित्रांची देखभाल तिच्याकडे असे. आम्ही तिला डागडुजीवाली बाई म्हणत असू. अध्यक्षांनी बराच वेळ तिच्या कुंचल्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"या चित्रातलं एक झुडूप काढून टाकायला किती वेळ लागेल?"

बाईने चित्र पाहिलं, बाग पाहिली, शेळी पाहिली. म्हणाली, "दुसरा चहा होईपर्यंत."

त्या दिवसापासून गाडं उलटं फिरलं. दुसरा चहा झाला आणि चित्रात दोन झुडपं राहिली. अट पाळली गेली, अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि सगळ्यांच्याच ध्यानात आलं की बागेपेक्षा चित्र सुधारणं फार सोपं आहे. पाइप फुटून हौदाशेजारी डबकं झालं, बाईने डबकं रंगवलं. कुंपणाची भिंत एका बाजूने खचली, तीही रंगवली. विजेचं काम करणारा शिडी विसरून गेला, शिडी चित्रात आली आणि मग तो न्यायला आला तेव्हा त्याला ती देता येईना. सगळ्यात जास्त हाल झाले ते मॅडमचे. त्या एकदा बाकावर छत्री विसरल्या. सकाळी येऊन बघतात तो छत्री चित्रात. तो सगळा पावसाळा त्यांनी भिजत काढला. छत्री समोर दिसे, पण हात लावायची सोय नव्हती.

अशातच बाईने काकांनाही रंगवलं. त्यात कुणाचा काही हेतू नव्हता. बाई खिडकीतून बघून एक फांदी दुरुस्त करत होती, काका वाकून झुडूप कापत होते, तिने दिसलं ते काढलं. पाठमोरे काका, हातात कात्री. अध्यक्षांच्या ते लक्षात येईपर्यंत त्या चित्राची छापील कार्डं माझ्या खिडकीत विकायला आली होती आणि लोक ती घेत होते.

मॅडमनी काकांना बोलावून समजावून सांगितलं. आता तुम्ही चित्रात आहात, तेव्हा खिडकीत पाहुणे असतील तोवर तुम्हाला तिथे वाकून उभं राहावं लागेल. काकांनी विचारलं की कापू काय? कारण झुडूप रोज कापलं तर चार दिवसांत संपेल. मॅडम म्हणाल्या की कापायचं की नाही हे चित्रावरून कळत नाही, फक्त वाकलेलं दिसतं. तेव्हा काका वाकून हवेत कात्री चालवू लागले. हे त्यांना जड नव्हतं. केस कापणाऱ्याची कात्री दोन कापांच्या मध्ये हवेत वाजतेच, ती हाताची लय असते. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतीच लय म्हणजे फार झालं. महिन्याभरात त्यांची कंबर धरली. घरी येत ते चित्रातल्याच आकारात. जेवायला बसत तेही त्याच आकारात.

काकूंनी तेल चोळून पाहिलं, शेक देऊन पाहिला. मग एके दिवशी त्या स्वतः आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी संग्रहालयात पाऊल टाकलं नव्हतं. मी तिकीट देऊ का, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठून त्यांना आत सोडलं. मॅडमकडे, अध्यक्षांकडे त्या वळल्यासुद्धा नाहीत. कुणी काय केलंय याची त्यांनी घरी नीट चौकशी केलेली होती. त्या थेट डागडुजीवाल्या बाईपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या माणसाला तुम्ही वाकवलंत," काकू म्हणाल्या. "आता सरळ करा."

बाई घाबरली. तिने खरीच अडचण सांगितली की ते पूर्ण सरळ झाले तर त्यांचं डोकं झाडात जातं. काकू चित्राजवळ गेल्या, नवऱ्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिल्या. सदरा इस्त्रीचा दिसतोय, एवढं एक चांगलं, असं पुटपुटल्या. मग म्हणाल्या की झाडाला जरा मागे घ्या आणि यांना बसायला खुर्ची द्या.

"कसली खुर्ची देऊ?"

"हात असलेली. आणि मान टेकायला जागा हवी."

बाईने कागदावर दोन-चार खुर्च्या काढून दाखवल्या. काकूंना एकही पसंत पडेना. त्यांना आयुष्यात एकच खुर्ची नीट माहीत होती. तिचं वर्णन त्या करत गेल्या, बाई रंगवत गेली आणि झाल्यावर पाहिलं तर ती सलूनची खुर्ची होती. चित्रात आली म्हणजे बागेत यायलाच हवी. काकांच्या परसात ती ताडपत्रीखाली पडून होती. दोघा पहारेकऱ्यांनी ती उचलून आणून झुडपापुढे मांडली. बाईने काकांना सरळ केलं. खुर्चीत बसवणार होती, पण खुर्चीचा रंग ओला होता. वाळल्यावर बसवते म्हणाली. तोवर काका रिकाम्या खुर्चीमागे कात्री घेऊन ताठ उभे राहिले.

नेमके तेव्हाच अध्यक्ष आले. चित्रात शिडी, छत्री, डबकं आणि वर आता खुर्ची. एकूण प्रकार कुठवर गेलाय ते या वेळी बागेच्या बाजूने तपासावं, असं त्यांनी ठरवलं होतं. चालून चालून त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि समोर खुर्ची होती. ते बसले.

पुढचं मी माझ्या खिडकीतून पाहिलं. काकांच्या पुढ्यात इतक्या काळाने माणूस बसला होता. त्यांच्या हाताने त्यांना विचारलं नाही. चादर झटकली गेली, अध्यक्षांच्या गळ्याभोवती आली, मागे गाठ बसली. अध्यक्ष काहीतरी बोलणार होते, पण गळ्याशी चादर आली की भल्याभल्यांची वाचा बसते.

"मागे जरा जास्त घेऊ का?" काकांनी विचारलं.

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि मान खाली घातली. कात्री चालू लागली. लग्न मोडल्याची गोष्ट सुरू झाली. जावयाने घर बळकावल्याची गोष्ट येईपर्यंत अध्यक्ष झोपले होते, तोंड किंचित उघडं टाकून. दिवाणखान्याच्या खिडकीत पाहुण्यांची गर्दी जमली. आणि बाईच्या हातात ओला कुंचला होता.

जागे झाल्यावर अध्यक्षांनी आरसा मागितला, मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि बरं झालंय म्हणाले. आत जाऊन चित्र पाहिलं तर चित्रात ते स्वतः. आम्हाला वाटलं आता कुणाची तरी नोकरी जाणार. पण ते कितीतरी वेळ बघत उभे राहिले. आजोबांच्या चित्रात आपण, हे त्यांना आतून कुठेतरी आवडलं असावं. राहू दे म्हणाले. तेव्हा मॅडम पुढे झाल्या. छत्रीपायी सगळा पावसाळा त्या भिजल्या होत्या. त्यांनी अत्यंत नम्रपणे अध्यक्षांना अटीची आठवण करून दिली. चित्रात आणि बागेत फरक चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडायच्या वेळी अध्यक्ष हजर झाले आणि खुर्चीत बसले. ज्या नियमाखाली त्यांनी इतक्यांना वाकवलं होतं तो स्वतःला लागू नाही, असं म्हणायचा निगरगट्टपणा त्यांच्याकडे नव्हता. पहिले काही दिवस ते घुश्शात होते. काकांनी आपला केसाने गळा कापला, असं चहावाल्याला म्हणाले. मग त्यांच्या बायकोचा मॅडमना निरोप आला की दिवसभर घर शांत असतं, आपले फार उपकार आहेत, ही व्यवस्था मोडू नका.

डोक्यावरचे केस लवकरच संपले. मग काका हवेतच कात्री चालवत आणि दोघं बोलत बसत. काका गावच्या गोष्टी सांगत, अध्यक्ष आजोबांच्या. एके दुपारी पाहुणे नव्हते, शेळी जवळच चरत होती. अध्यक्ष खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले,

"खरं सांगू? मला लहानपणापासून ते कुत्रंच वाटत आलंय."

काकांची कात्री थांबली. ते म्हणाले, "आता बोलू नका. इतकी वर्षं उभी आहे बिचारी."

अध्यक्षांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे अध्यक्षांना लेकीकडे जावं लागलं, तिचं बाळंतपण होतं. खुर्ची रिकामी ठेवता येईना. मागच्या बाजूने माझं डोकं त्यांच्यासारखंच दिसतं, असं डागडुजीवाल्या बाईचं मत पडलं आणि मला खुर्चीत बसवलं. मॅडम तिकिटं फाडू लागल्या. मला सांगायला हरकत नाही, चादर गळ्याशी आली आणि मी बसल्या बसल्या पेंगलो. दुकान गेल्यापासून माझे केस इतके नीट कुणी कापले नव्हते. केस पुरावेत म्हणून काका रोज थोडेच कापत, त्यामुळे अध्यक्ष नातवाचं तोंड बघून परत आले तेव्हा मी अर्धाच झालो होतो, एक बाजू व्हायची होती. मला अर्धवट उठवायला काका तयार होईनात. तेव्हा अध्यक्ष समोरच्या बाकावर, मॅडमच्या छत्रीशेजारी, वर्तमानपत्र उघडून आपला नंबर यायची वाट बघत बसले. एका पहारेकऱ्याचेही केस वाढले होते, तोही येऊन त्यांच्या बाजूला टेकला. डागडुजीवाली बाई खिडकीतच होती.

आता बाकावर कायम कुणीतरी असतं, कारण चित्रात आहे. पाहुण्यांपैकी कुणाची हौस असली तर तेही बसतात. काकांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं, पण चित्रातल्या माणसाला निवृत्त कसं करायचं ते वकिलांनाही सांगता आलेलं नाही, आणि काकांनी विचारलेलंही नाही. कंबर बरी आहे. संध्याकाळी ते चादर झटकून घडी घालतात, खुर्चीवर ताडपत्री ओढतात आणि आज कोण कोण येऊन गेलं ते काकूंना सांगायला घाईघाईने घरी जातात.

चित्रात मेहुण्याच्या हातचं आता फारसं काही उरलेलं नाही. आकाशाचा एक कोपरा, ती करडी शेळी आणि खाली सही. आजोबांचा हात अलीकडे पुष्कळ सुधारलाय, असं अध्यक्ष पाहुण्यांना सांगतात.